काहीच झालं नाही

मोहाखाली वाकलेली होते,
टोपलं अर्ध्यावर आलेलं,
आणि वीस पावलांवर तो बसला होता.
एवढंच.
त्यानं पाहिलं, उठला, नाल्यात उतरला.
माझ्या अंगावर ओरखडा नाही,
लुगड्याला काटासुद्धा लागला नाही.
गार्ड आला, पंजाचा ठसा मोजला,
विचारलं, "नुकसान?"
मी मान हलवली.
त्यानं रकान्यात लिहिलं: निरंक.

तो चैत होता.

वैशाखात पाळी चुकली, जेठातही.
एक्केचाळीस वय माझं,
तरी सासू दोन दिवस माझ्याकडे बघून हसली.
फणीत केसांचे पुंजके यायला लागले,
मानेत कोणी खुंटा ठोकून गेलं,
घास घशाखाली जायचा आणि छातीशी बसून राहायचा.
रात्री तीनला डोळे आपोआप उघडत.
बाहेर नुसतं वासरू अंग झटकत असे
आणि इथे तळपायांना घाम.
नीलकंठ म्हणायचा, "काहीच तं नाही झालं ना तुले?"
खरं बोलायचा तो.
त्यानंच मग पहिल्या एसटीनं दवाखान्यात नेलं.

डॉक्टर पोरगेलासा, लातूरकडचा.
पट्टी बांधली, फुगवली, पुन्हा फुगवली.
रक्त काढलं, छातीचा कागद काढला.
"सगळं नॉर्मल आहे, मावशी."
मी उठले नाही.
मागे खोकणारी माणसं रांगेत,
तरी त्यानं केसपेपर उलटा केला,
त्यावर वालाच्या दाण्यासारखं काढलं एक मूत्रपिंड,
वर एक बारकी टोपी.
म्हणाला, जीव धोक्यात आला की ही टोपी हाळी देते.
साखर रक्तात धावते, रक्त पायांकडे धावतं,
पोट म्हणतं, पचवायचं नंतर बघू.
झोप, पाळी, केस, सगळ्यांची दुकानं बंद.
पळायला हे चांगलंच असतं.
"पण मी पळालीच नाही," मी म्हटलं.
तो पेन चावत राहिला थोडा वेळ.
"टोपीला अजून कोणी सांगितलं नाही, मावशी,
वाघ गेला म्हणून."

गेलाच होता तो.
जेठाच्या शेवटी पिंजऱ्यात सापडला.
माझा भाचा गजू वनखात्यात रोजंदारीवर,
गाडीमागे टॉर्च धरून तोच बसला होता.
सांगत होता, सळयांवर घासून घासून
कपाळ सोलून घेतलं त्यानं,
चार दिवस मांसाला तोंड लावलं नाही.
"त्यालेबी झोप नाही वं मामी."
मी चुलीत काडी सारत होते.
वाटलं, त्याच्याही आत असेल
वालाचा दाणा, वर बारकी टोपी,
आणि तिलाही कोणी सांगत नसेल काही.
दया आली का, माहीत नाही.
त्या रात्री मी चारला उठले.

आता रोवणी.
चिखलात पोटऱ्यांपर्यंत, अकरा जणी एका ओळीत,
आणि काम सगळं वाकून.
मी दोन पऱ्हे खोचते, उभी राहते, मागे बघते.
मागे धुरा असतो. धुऱ्यावर डबे असतात.
पुन्हा वाकते.
माझ्यामुळे बांधी मागे पडते, गुत्त्याचे पैसे सगळ्यांचेच.
परवा ओळीच्या टोकावरून आवाज आला,
"इंदिरा, तू घडीघडी उभी कावून होतं वं?"
कोणी हसलं.
वामनाबाई हसली नाही.
तिची बकरी मागच्या साली गेली, गोठ्यातून.

काल सकाळी ती माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.
उजवीकडे तिची सून.
मग ओळच सरकली एकेक हात,
आणि टोकाची मी मध्यात आले.
कोणी काही बोललं नाही.
वामनाबाईनं तंबाखू थुंकली
आणि शेजारणीच्या नवऱ्याची चुगली सुरू केली, मोठ्यानं,
रानापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.

मी वाकते.
मान वर न करता मोजते पऱ्हे.
काल नऊ.
आज चौदापर्यंत गेले होते,
तेवढ्यात धुऱ्यावरून बगळा उडाला.
पुन्हा एकपासून.