पांढरी पाचच्या किंचित वर

वैकुंठात बाकावर बसलो होतो तेव्हा
मी फोनवर तो आवाज रेकॉर्ड केला.
सांगायला लाज वाटते, पण केला.
पोलादी दार खाली आलं होतं,
मामा चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद घालत होता,
आणि भिंतीच्या आतून एकच सूर येत होता,
श्वास न घेता,
पांढरी पाचच्या किंचित वर, काळी चारच्या बराच खाली.
पेटीत असा सूर नाही.

सुधन्वाला लगेच कळला असता.
तापकीर गल्लीतून तीन हजाराला आणलेला माझा सिंथ
त्यानंच उघडला होता, खिचडीच्या ताटाशेजारी.
दोन कपॅसिटर बदलले, धूळ फुंकली,
एक पट्टी मात्र तशीच ठेवली, दाबली की वर न येणारी.
म्हणाला, राहू दे गं,
प्रत्येक मशिनला एक हट्ट हवा.

मग नवले पुलाचा उतार.

आंबेगावच्या वन बीएचकेत भिंतींना गोधड्या ठोकल्या.
सगळा सिंथ त्या एका सुरावर आणला,
जसा घरात आजारी माणूस असला
की सगळे त्याच्या वेळेनं जेवतात.
नऊ गाणी. शब्द पोस्टकार्डावर मावतील एवढे.
गुरुवारी लाइट जायची, काम थांबायचं,
आणि फ्रिज गप्प झाला की कळायचं
तोही इतका वेळ त्याच सुरात होता.
शेवटच्या गाण्यात मी ती पट्टी दाबते
आणि खोलीबाहेर जाते.
सात मिनिटं.
दार लागल्याचा आवाज काढला नाही.

मिक्सिंगवाला औंधचा, भला माणूस.
म्हणाला, फार काळोख आहे, वरचे सूर जरा उघड,
लोक हेडफोन काढून ठेवतील.
ठेवू देत, म्हटलं.
मावशी म्हणाली, वर्षश्राद्ध व्हायच्या आत गाणी?
गाणी नाहीत ती, मावशी.
हे मी खोटं बोलले की खरं, अजून ठरलेलं नाही.

पण कुणी काही काढून ठेवलं नाही.
कोरेगाव पार्कातल्या एका तळघरात, निळ्या दिव्याखाली,
तिसऱ्या गाण्यावर साठसत्तर पोरं नाचली.
ठेका मीच घातला होता, दोष कुणाला देणार.
एक मुलगी घामानं निथळत जवळ आली,
ताई, तो खालचा आवाज कसला भारी आहे,
थेट पोटात जातो.
हो, म्हटलं.
जातो.

बाबांना ऐकवायचं मी टाळत होते.
छत्तीस वर्षं वीज मंडळात, सुरुवात लाइनमनपासून,
अजून रस्त्यानं चालताना
आधी डीपीकडे बघतात, मग माणसांकडे.
एका रात्री जेवण झाल्यावर त्यांनीच हात पुढे केला.
एकच इयरफोन, डाव्या कानात. उजवा नोकरीत गेला.
डोळे मिटले नाहीत,
दूधवाल्याच्या खाडाखोडीचं कॅलेंडर बघत राहिले.
चौथ्या मिनिटाला बोट वर केलं.

हा शंभरचा आहे, म्हणाले, शंभर हर्ट्झ.
लोक पन्नास म्हणतात. पण आतला पत्रा
एका फेऱ्यात दोनदा ताणला जातो.
मग थोडं थांबून,
कुठला गं हा ट्रान्सफॉर्मर?

नवी पेठेतला.

इयरफोन काढला नाही त्यांनी.
बडीशेपेची वाटी पुढे सरकवली, परत मागे घेतली.
स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला
आणि मी बंद करायला वाकले,
तर माझं मनगट धरून,
स्वच्छ चाललाय, म्हणाले.
पत्रे ढिले असते ना, तर खडखडला असता.