एकोणचाळीस मीटर

तुमसरहून एस्टीनं तासभर, पुढं पायवाट.
सोबत झनक उईके, खांद्यावर गमछा,
पायात टायरची चप्पल.
मोहाखालचं पहाटेच वेचून झालेलं,
पाला जाळल्याचा काळा गोल तेवढा उरलेला.

मॅगनीजच्या बंद खाणीचं विंच-घर लागलं.
छप्पर नाही. चाकाच्या दात्यांत
साळुंकीनं काड्या कोंबलेल्या.
तारेचा जाड दोर गवतात शिरतो,
दहा पावलांवर पुन्हा वर येतो
आणि एका सागाच्या बुंध्यात रुतून बसतो.
सागानंच गिळला असावा, बसल्या बसल्या.

चढ सुटा. एक पाऊल वर, अर्धं खाली.
माथ्यावर धापा टाकत विचारलं,
हिला नाव काय?

"नाव कायचं जी," झनक म्हणाला,
"हे पहाडी नोहोय. खानीतला फेकलेला गोटा हाये.
माही माय आन् बाकीच्या बाया
डोक्यावर टोपले आनून उपडे करत.
सोळा वर्सं."

मी मघापासून मोबाइलवर चढाई मोजत होतो.

खाली खाणीत साचलेलं पाणी,
हिरवं, हलत नसलेलं.

उतरताना झनक मध्येच थांबला.
चपलेतला खडा काढला, पाहिला,
आणि परत वर भिरकावला.