दोरा कुठवर आला

केरामावशी आवळे त्रेपन्नाव्या वर्षी वाचायला शिकली.
मी तेव्हा तिसरीत, तिचा मास्तर.
निपाणीत तंबाखूचा खकाणा
नाकाआधी घशाला कळतो;
खोकत खोकतच ती अक्षरं लावायची.
कोनाड्यात शास्त्र, तिच्या सासऱ्याला
मिशनच्या दवाखान्यात मिळालेलं,
पाठीची शिवण सुटलेलं.

हजार विड्या वळून झाल्या,
मुकादमाने त्यातल्या शंभर छाट म्हणून फेकल्या,
की हात धुऊन एक ओळ.
"प्र... प्रका..."
त्या पहिल्या उजेडाला आम्हाला आठवडा लागला.

रविवारच्या शाळेत ऐकलेलं पुढचं सांगायला गेलो
की माझ्या तोंडावर हात.
"गप. त्यानं आज जेवढं सांगितलंय, तेवढंच."

म्हणून तिला ठाऊक नव्हतं
गाव सोडून निघालेल्या म्हाताऱ्याला
शेवटी जमीन मिळते की नाही.
पत्ता न देता नुसतं चल म्हणणारा देव
तिला आमच्या एसटीसारखा वाटला:
पाटी कानडीत,
कंडक्टरला विचारायचं आणि चढायचं.

यमगर्णीच्या पुलाला वेदगंगा टेकली त्याच पावसाळ्यात
ती पुरापाशी आली होती.
"लेकरं बी बुडाली असतील की रं."
चार दिवस पुस्तक मिटलेलं.
पाचव्या दिवशी, "बघू फुडं काय म्हंतोय."

पुढे जळत्या झुडपात त्याला नाव विचारलं कुणी,
त्यानं धड सांगितलं नाही.
मावशी हसली,
"नवी नवरी बी पयल्या दिशी नाव घेत न्हाय."

ओळीची अर्धी पानं झाली.
तंबूचे पडदे, खुंट्या, हातांची मापं,
मी गाळली असती; तिने बोट फिरवत वाचली,
तेंदूचं पान मापानं कापणारं बोट.
मी बेळगावला कॉलेजात गेलो.
सुट्टीत विचारायचो, कुठवर आलीस?
"अजून वराडतोयच त्यो. कुनी ऐकंना."

मग मोतीबिंदू. चिकोडीत तारीख मिळेना.
आणि नेमकं तेव्हा कोरं पान आलं,
दोन करारांच्या मधलं.
मी म्हटलं, इथे चारशे वर्षं आहेत.
तिने त्यावर तळवा ठेवला.
तिला तसंही सगळं पांढरंच दिसत होतं.
आठ महिने दोरा तिथेच.

पट्टी सुटल्यावर पुढचं पान: नुसती नावं.
याचा हा, त्याचा तो,
तलाठ्याने वारस लावावेत तशी.
कंटाळेल म्हणून मी चहा ठेवायला उठलो.

"अगं बया!"
पाचव्या ओळीत बोट थांबलेलं.
"ही तर ती सरवा वेचनारी!
परमुलखातली, सासूच्या मागनं आलेली.
हिचं नाव ह्या उताऱ्यावर कसं लागलं रं?"

नऊ वर्षांपूर्वी जवाच्या शेतात
ती तिला सोडून आली होती.

मी म्हटलं, वाच पुढे, आता तर तो येतोच आहे.
तिने विडीचा गुलाबी दोरा काढला,
सगळी पानं उलटून
पहिल्या पानात घातला.
"येऊ दे की. मागं कुठं कुठं दिसून गेला
आन मला वळकू आला न्हाय,
त्ये आदी बघून येते."

चहा उतू गेला.
मागे, 'प्र'पाशी,
ती परत अडखळली होती.