उलटी फेज

पहाटे साडेपाचला डहाणूकर कॉलनीतून फोन:
"कणीक आकड्यावर चढून बसतेय हो, मळलीच जात नाही.
अकराला सहाशे पोळ्या द्यायच्यात."
कोपऱ्यावर रस्ता खणलेला. रात्री केबल जोडून
माणसं गेली होती, मातीचा ढीग तसाच.

फ्यूज काढून खिशात घातला.
पट्टा ढिला होता, ताणला.
सील पाझरत होतं. गिअरबॉक्समधून निघालं
कपभर तेल, काकवीसारखं.
बेअरिंगपाशी पीठ नि ग्रीस मिळून
दगड झालेला; खरवडला तर आत
हिरव्या बांगडीचा तुकडा.
"माझी ती," मागून कुणीतरी,
"दिवाळीच्या ऑर्डरीतली."

फ्यूज लावला. पेचकसाचं टोक मशीनला, मूठ कानाला.
आधी कान, मग पाना:
नाना पेठेतल्या हुसेनमिस्त्रींची शिकवण.
आवाज साफ. तरी कणीक वरच चढते,
मांजर पडद्यावर चढावं तशी.

दोन तास गेले. वृंदाताई घड्याळाकडे बघतात,
मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे.
भिंतीशी चौघीजणी परातीत हातानं मळतायत,
खांद्यापासून, न बोलता.

शेवंताबाईंनी मान वर केली नाही.
"परवापतुर भांडं दाराकडनं खिडकीकडं जायचं.
आज खिडकीकडनं दाराकडं येतंय."

मी झाकण पुसलं. पिठाखाली, रंगाच्या दोन थरांखाली
बाण होता. दाराकडून खिडकीकडे.

"मघाशी का नाही सांगितलंत?"
"तुमी मशीनला इचारत हुता."

मेन बंद. लालच्या जागी पिवळी,
पिवळीच्या जागी लाल. दोन मिनिटं.
कणीक खाली उतरली, गोळा झाली,
भांड्याच्या काठावर धप् धप् आपटू लागली.
चौघींनी हात धुतले. एकीनं बोटं मोडली,
पाचही, सावकाश.

बिलात लिहिलं: सील एक, तेल अर्धा लिटर, पट्टा.
शेवटची ओळ लिहायला घेतली
आणि कुणाच्या नावावर लिहायची ते न कळून
पेन खिशात ठेवलं.
शेवंताबाईंनी कागदात चार चपात्या दिल्या, ठेचा लावून.
(वृंदाताई त्यांनाच पोळ्या म्हणतात.)

गाडीला किक मारतोय तोच
पलीकडच्या गिरणीवाल्यानं हात केला:
"अहो, सकाळपासून माझा पंखा
धूळ बाहेर टाकायची सोडून आत ओढतोय!"

पिशवी गाडीलाच राहू दिली.
दारात जाऊन आधी विचारलं,
इथं झाडू कोण मारतं?