शंभर रात्रींची मुदत

खोका आला तो वॉशिंग मशीनएवढाही नव्हता.
कुरियरच्या पोराने बर्फातून ओढत आणला, पायरीला टेकवला
आणि सही न घेताच गेला.
वर छापलेलं : क्वीन साइझ, दोघांसाठी.
मी म्हणालो, दोघं म्हणजे कोण, ससे?

जुनी स्प्रिंगची गादी
एकवीस वर्षांपूर्वी दोरखंड लावून खिडकीतून आत घेतली होती :
आयलाचे तीन भाऊ खाली, मी वर, शिव्या मधोमध.
ही मी एकट्याने खांद्यावर आणली.

प्लास्टिक कापलं.
आधी एक लांब सुस्कारा,
कुठल्याशा कारखान्यात कोंडलेला श्वास
आमच्या खोलीत येऊन सुटला.
मग एक कोपरा उठला. मग दुसरा, जरा रुसून.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं,
पण इथे अंथरूणच पाय पसरत होतं
आणि आम्ही दोघं भिंतीला चिकटून त्याला जागा देत होतो.

वास जाईपर्यंत खिडकी उघडी ठेवा, असं कागदावर.
डुलूथमध्ये. जानेवारीत.
तळ्यावरून येणारा वारा कागदाने पाहिला नसावा.
थंडीने फोम दगड झाला.
आम्ही त्यावर झोपलो, दोन पुतळे,
आणि अंगाच्या उबेने हळूहळू आत उतरत गेलो.
सकाळी माझा साचा तिथेच : खांदा, कंबर, टाच.
आयला म्हणाली, पोलिसांना बोलवू का?
इथे कुणीतरी पडलं होतं.

चाचणीही होती. एका टोकाला पेला ठेवा, दुसऱ्या टोकाला उडी मारा.
तिने क्रॅनबेरीचा रस ओतला.
पाणी सांडलं तर तू कबूल करणार नाहीस, म्हणाली.
मी मोजे घालून उडी मारली, होतं नव्हतं तेवढं वजन घालून.
रस हलला नाही.
आम्ही टाळ्या वाजवल्या.

मी बर्फ काढायची गाडी चालवतो.
वादळ आलं की फोन रात्री दोनला.
आयला साडेतीनला बेकरीत, कणकेच्या ढिगापाशी,
म्हणून तर पाठ, म्हणून तर ही खरेदी.
जुनी गादी चुगलखोर.
मी पाय खाली टाकला की कुरकुरून तिला सांगायची,
आणि ती डोळे न उघडता म्हणायची : पूल सांभाळ.
सकाळी तिला यातलं काही आठवत नसे.
मधल्या खड्ड्यात आम्ही घरंगळत एकत्र यायचो,
भांडण मिटलेलं असो की नसो.

एकतिसाव्या रात्री फोन आला. उठलो.
गादीने ब्र काढला नाही.
बूट हातात धरून अंधारात थांबलो.
ती झोपलेली, पेल्यातल्या रसासारखी.
वाट पाहिली, गाडीचं इंजिन तापेल इतका वेळ.
मग गेलो.
त्या रात्री पुलावर मी फार हळू चालवलं.

परत करता येईल का, असं गुपचूप विचारलं.
फोनवरची मुलगी गोड होती.
येईल, म्हणाली, पण खोक्यात आता ती जाणार नाही,
कुणा गरजूला द्या, पावती पाठवा.
दुसऱ्या खोलीतून आयला ओरडली :
बघ, मी वाकले! बोटं जमिनीला लागली!
मी फोन ठेवून दिला.

आता निघताना
तिच्या बाजूला तळवा दाबतो, जोर लावून.
फोम हात गिळतो, बातमी पुढे जात नाही.
बुटांच्या नाड्या बांधून होईतो
तो खड्डा भरूनही येतो.
काल मात्र गुडघाच टेकवला, अगदी तिच्या पाठीशी.
ती पुटपुटली : सांडेल.

पूल नाही. सांडेल.
चालेल.
आज अठ्ठ्याऐंशीवी रात्र,
आणि बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली आहे.