निम्मं भाडं

माझ्या टेबलावर माणसं येत नाहीत,
त्यांच्या फायली येतात.
आजची : आउने लेहतोवारा, वय एकसष्ट,
थंडर बे, सुपीरियर सरोवराचा काठ,
दोनमजली घर, वरचा मजला भाड्यानं.
कर्ज कशासाठी :
व्हँकुव्हरच्या भावाचा हिस्सा विकत घ्यायला.

भाडं नऊशे डॉलर.
आम्ही धरतो साडेचारशे.
नियम माझा नाही.
उरलेले साडेचारशे रिकाम्या महिन्याचे,
थंडीत फुटणाऱ्या नळाचे,
आणि रातोरात चंबूगबाळं आवरून जाणाऱ्याचे,
जो अजून गेलेला नाही,
पण आमच्या हिशोबात कायमच निघालेला असतो,
एक पाय जिन्यावर.
बँक बेरीजसुद्धा हातचं राखून करते.

कागद मागवले.
भाडेकरार आला एका पानाचा,
हातानं लिहिलेला, अकरा वर्षांपूर्वीचा.
भाडेकरू रेजाँ कूर्तमाँश,
बंदरावर धान्याच्या कोठारांत कामाला.
शेवटची ओळ : सौना शनिवारी, साडेसातनंतर.
तिला आमच्या अर्जात रकाना नाही.

खात्याचा उतारा वाचताना
पेन्सिल फेब्रुवारीवर थांबली.
जमा नाही.
मार्चमध्ये नाही.
एप्रिलच्या अठ्ठावीसला एकदम सत्तावीसशे.
मागच्या वर्षीही असंच, त्याच्या मागच्याही.
मी छापील पत्र पाठवलं :
खंडाचं कारण लेखी कळवावं.

उत्तर निळ्या शाईत आलं.
‘सरोवर गोठतं. जहाजं येत नाहीत.
कोठारं बंद, म्हणून रेजाँ घरी.
छपरावरचा बर्फ तो काढतो, भट्टी तोच बघतो.
त्याचे पैसे तो मागत नाही,
उशिराचं व्याज मी मागत नाही.
पहिलं जहाज लागलं की भाडं येतं.
जहाज अजून चुकलेलं नाही.
वहीची नक्कल जोडली आहे.’

वही शाळकरी, दुरेघी.
फेब्रुवारी – बर्फ.
मार्च – बर्फ.
एप्रिल – जहाज. २७००.
जून – आईला पुरलं. भाडं दोनदा घेतलं,
माझ्या लक्षात नाही, तो बोलला नाही.
जुलै – मागचंच धरलं.
नोव्हेंबर – ९००, शिवाय दोन ट्राउट, मोठे.

मी बारा महिने मिळवले, बारानं भागले.
नऊशे. सेंटाचाही फरक नाही.
मग नियमाप्रमाणे निम्मे केले.

कर्ज थोडक्यात अडतं. एका टक्क्यानं.
अशा वेळी शेऱ्याची चौकट असते,
तिच्यात अडीचशे अक्षरं मावतात.
मी लिहिलं : जहाज अजून चुकलेलं नाही.
पुसलं. हा पुरावा नव्हे.
लिहिलं : खंड हंगामी. भरणा नियमित.
अपवाद म्हणून विचार व्हावा.
सही केली, फाइल वर गेली.
वरचे काय म्हणतील, मला ठाऊक नाही.
होकार असो की नकार, कागद सात वर्षं राहतील
शहराबाहेरच्या गोदामात, खोक्यावर आकडा,
मग कातरयंत्रात,
ट्राउटसकट.

मी टोरंटोत तेविसाव्या मजल्यावर राहते.
माझं भाडं एक तारखेला आपोआप जातं,
कुणाच्या हाती पडतं, मी पाहिलेलं नाही.
त्याच्याही एखाद्या अर्जात
मी निम्मी धरली गेले असेन,
एक पाय जिन्यावर.

संध्याकाळी, काम संपल्यावर,
थंडर बेच्या बंदराचा कॅमेरा उघडून बसले.
एकवीस मार्च. सगळं पांढरं.
कोठारं उभी, धूर नाही.
खाली बारीक अक्षरांत :
बर्फ फोडणारी बोट आज सकाळी निघाली.