हातचा

इथल्या सुट्ट्या नाण्यांना बैसा म्हणतात.
आल्या आल्या मला हसूच आलं होतं.
बैसा! जणू कुणी पाट मांडून आग्रह करतंय.
बारा वर्षं झाली, मस्कतच्या हमरियात, तिसऱ्या मजल्यावर
एकही बैसा अजून बसलेला पाहिला नाही.
येतो, चप्पल न काढता
उंबऱ्यातूनच निघून जातो.

चंद्रहास पंपांच्या गोदामात. पगार तीनशे दहा रियाल.
पंचवीस तारखेला फोन टिणकन वाजतो
आणि सव्वीसला भाडं, ऊर्वीची फी,
कराडला सासूबाईंच्या गोळ्या...
नको, यादी नको.
यादी केली की पैसे जास्तच लवकर संपतात
असं माझं एक मत झालं आहे.

वही मात्र आहे. औषधांच्या दुकानातून फुकट मिळालेली,
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात गुडघ्याच्या हाडाचं चित्र.
त्या गुडघ्याखाली मी लिहिते:
कोथिंबीर, शंभर बैसा.
टोमॅटो कालचे, अर्ध्या भावात, दोन नासके निघाले.

खाली कुन्हीच्या बकाल्यात
सुतळीला एक निळी वही टांगलेली असते.
आमची अख्खी इमारत तिच्यात राहते.
"चेची, नंतर द्या," तो म्हणतो, आणि मनापासून म्हणतो.
मी तांदळाची मोठी पिशवी परत फळीवर ठेवते,
लहान उचलते.
लाज वाटते? वाटते ना.
पण लाज दुकानाच्या दाराशीच संपते.
उधारी जिना चढून वर येते.

गेल्या वर्षी चंद्रहासने बँकेचं कार्ड आणलं.
"फुकट दिलंय. वापरलंच पाहिजे असं थोडंच आहे."
काळंभोर, गुळगुळीत, त्याचं नाव सोनेरी.
इतक्या देखण्या अक्षरात
त्याचं नाव लग्नपत्रिकेतही नव्हतं.
आम्ही भांडलो.
मग ऊर्वी झोपली म्हणून हळू आवाजात भांडलो.
आता ते ओट्यावर असतं.
पोळपाटाला चिकटलेली कणीक
दुसऱ्या कशाने इतकी स्वच्छ निघत नाही.

समोरच्या दारात गुहागरचे मुनाफ परकार.
आधी गाडी. मग बहिणीचं लग्न.
मग गाडीचा हप्ता भरायला घेतलेलं कर्ज,
मग त्या कर्जाचा हप्ता.
जानेवारीत त्यांचे वडील गेले.
बँक कोर्टात गेलेली, विमानतळावर नाव अडलेलं.
जनाजा त्यांनी फोनवर पाहिला,
जिन्यात बसून,
कारण रेंज तिथेच बरी येते.

त्या रात्री माझ्या गव्हाच्या डब्यात, तळाशी,
भिशीचे एकशे चाळीस रियाल होते.
त्या महिन्यात माझा नंबर लागला होता.
मी चहा नेला. दोनदा नेला.
पैसे नेले नाहीत.
तेवढ्याने काहीच सुटलं नसतं,
हे चहाला उकळी येईपर्यंत
मी मनातल्या मनात मांडून पाहिलं होतं.
हिशेब बरोबर होता.
नंतरही कितीदा तपासला, बरोबरच येतो.

ऊर्वी आता तीन आकडी बेरजा करते.
शाळेत कॅरी म्हणतात, घरी हातचा.
"आई, हातचा विसरला तर?"
तर उत्तर चुकतं, मी म्हणते.
"आणि उत्तर आल्यावर तो कुठे जातो?"
कुकरची शिट्टी झाली,
मला उठावं लागलं.

दर पंचवीसला मी नवं पान उघडते.
मागची शिल्लक पुढे आणते:
एकोणीस रियाल, चारशे बैसा.
कुणाचं देणं नाही.
आणि त्याच्या वर, गुडघ्याच्या चित्राशेजारी,
पेन्सिलीने एक बारीकसा एक काढते.
चंद्रहासने परवा विचारलं, हा कसला?
हातचा, म्हटलं.
तो थोडा वेळ पाहत राहिला.
मग दिवा बंद केला, विजेचं बिल येतं म्हणून.